राखेचा पाचवा डबा

मी लग्न होऊन तेलगावला आले तेव्हा आमच्या घरात राखेचे चार डबे होते. पहिला भांडी घासायच्या राखेचा, तो मोरीजवळ. दुसरा दात घासायचा, त्यात मीठ आणि थोडी कुटलेली लवंग. तिसरा तुरीत मिसळायचा, कीड लागू नये म्हणून. चौथा देवघरातला, विभूतीचा. पहिल्याच आठवड्यात मी भांड्यांच्या राखेने दात घासले. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे जगदेवीआत्याबाईंनी, संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलं की बी.एस्सी. झालेल्या सुनेला राख ओळखता येत नाही. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी जेवताना त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पाचवा डबा नंतर आला. तो माझ्या सासऱ्यांचा.

बसप्पा गिरणीवाले म्हटलं की तेलगाव स्टँडवर कुणीही आमचं घर दाखवायचं. मी त्यांना मामा म्हणते. उंच, वाळके, भुवयांवर बाराही महिने ज्वारीचं पीठ. कपाळ मात्र स्वच्छ, कारण त्यावर रोज सकाळी विभूतीच्या तीन रेघा ओढायच्या असत. दळण टाकायला आलेल्या बायकांना ते पेपर वाचून दाखवायचे. त्यांना तो नको असायचा, पण गिरणीत दुसरीकडे जायला जागा नव्हती. "जग खुलं झालंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. स्टँडवर एस.टी.डी. बूथ आला, जग खुलं झालं. चिनी बॅटरी आली, तेच. लोडशेडिंग सुरू झालं आणि दिवसातले दहा तास वीज जायला लागली, तेव्हा मात्र ते म्हणाले, "जग खुलं झालं अन् आमची गिरणी बंद झाली."

गिरणीला डिझेलचं जुनं इंजन होतं. ते चालायचं, पण डिझेलचा भाव दर दोन महिन्यांनी वर सरकायचा आणि मामांचा पारा त्याच्याबरोबर.

नवीन धंद्यांचा त्यांना नाद होता. माझ्या आधी त्यांनी सफेद मुसळी लावून पाहिली होती. त्याआधी अळिंबी. आणि त्याही आधी ससेपालन. सहा ससे आणले, चार महिन्यांत चाळीस झाले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, मग या सशांचं करायचं काय? शेवटी मामांनी ते सगळे मुनव्वरचाचांना दिले आणि सांगितलं, "पुढचं मला काय बी सांगू नको." मुनव्वरचाचांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मुनव्वरचाचा म्हणजे मामांचे तीस वर्षांचे दोस्त. तेलगाव ते केज जीप चालवायचे. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा बसवायचे आणि सतराव्याला म्हणायचे, "या की, रिकामीच हाय."

तर दोन हजार तीन साली, उन्हाळ्यात, मामा केजला शेतीच्या शिबिराला गेले आणि संध्याकाळी घरात आले ते चप्पल न काढताच.

"पोरी, उत्प्रेरक म्हंजे काय?"

मी पोळ्या लाटत होते. लग्नानंतर वर्षभरात मला या घरात कुणी रसायनशास्त्रातलं काही विचारलं नव्हतं. लाटणं हातातच राहिलं. मी सांगितलं, की दोन पदार्थ एकमेकांशी जुळायला वेळ लावत असतील तर उत्प्रेरक ते काम लवकर करून देतो, आणि स्वतः जसाच्या तसा बाजूला होतो.

"म्हंजे मधला माणूस," मामा म्हणाले. "सोयरीक जुळवायची, जेवायचं अन् घरी यायचं. एकोणीस लग्नं जुळवली म्या. मला कावून कळणार न्हाई?"

शिबिरात एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं की तळणाच्या किंवा करंजाच्या तेलात स्पिरिट आणि योग्य उत्प्रेरक घातला की डिझेलसारखं इंधन तयार होतं. आणि उत्प्रेरक विकत घ्यायची गरज नाही. शेतातला पालापाचोळा, केळीचे खांब, कापसाच्या पऱ्हाट्या कडक जाळल्या की त्यांच्या राखेतला खार तेच काम करतो. मामांच्या डोक्यात यातला एकच शब्द घट्ट बसला होता. राख!

"आपल्या घरात चार डबे हायेत अन् मी डिझेलला रांगेत उभा राहतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, त्या चारातली एकही चालणार नाही."

आता इथे माझा स्वार्थ सांगून टाकते. मला बी.एड. करायचं होतं. अंबाजोगाईला. लग्न ठरताना "बघू" म्हणाले होते, आणि सासरचं "बघू" म्हणजे काय ते मला महिन्याभरात कळलं. नवरा योगीराज परळीला वीजकेंद्रात कंत्राटी कामावर, रविवारी घरी यायचा, त्याचं म्हणणं, अप्पा, म्हणजे मामा, हो म्हणाले तर माझं हो. अप्पांचं म्हणणं, तुझ्या आत्याबाईला विचार. आत्याबाईंचं म्हणणं, "राख वळखता येत न्हाई अन् मास्तरीण व्हायचं?"

म्हणून त्या संध्याकाळी मी धीर केला. म्हटलं, "मी करून दाखवते. पण इंजन चाललं तर मला बी.एड.ला पाठवायचं."

मामांनी भुवयांवरचं पीठ पुसलं. "जीप चालली पाहिजे. गिरणीचं इंजन काय, ते पाण्यावर बी चालंल. मुनव्वरची जीप केजपर्यंत गेली, की दुसऱ्या दिवशी तुझा फारम भरतो. अन् न्हाई गेली, तर परत इषय काढायचा न्हाई."

आत्याबाई निवडत असलेल्या डाळीतून वर न बघता म्हणाल्या, "न्हाई जायची."

कामाला सुरुवात झाली. पऱ्हाट्यांना तोटा नव्हता, सगळं तेलगाव त्यावरच चूल पेटवतं. पण चुलीतली राख काळीकरडी असते, कच्ची. ती पुन्हा भाजायला हवी होती. मामांनी रस्त्याकडेच्या वीटभट्टीत मडकं भरून ठेवलं, तोंड मातीने लिंपून. दोन दिवसांनी मडकं फोडलं तर आत पांढरीशुभ्र, बोटाला रेशमासारखी लागणारी राख. मी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला होता. चिमूटभर राख पाण्यात कालवून त्यावर थेंब टाकला. पिवळा कागद लालभडक झाला.

"आयला! हळदीचं कुंकू झालं," मामा म्हणाले.

"खार कडक असला की हळद लाल होते. चुलीतल्या राखेने एवढी होणार नाही."

त्यांनी तो कागद खिशात ठेवला आणि आठ दिवस दिसेल त्याला दाखवला. राख बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गेली. डब्याला हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद.

जळकं तेल बबनरावांनी दिलं. स्टँडवर त्यांचं भज्यांचं हॉटेल होतं, जगात काहीही होऊ द्या, त्यांना हसायला यायचं. "राखच पायजे तर सांगा की," ते म्हणाले, "परळीहून कोळशाची ट्रकभर आणून टाकतो दारात." स्पिरिट मामांनी लातूरच्या दुकानातून आणलं. मी कॅनवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं. त्याचा परिणाम असा झाला की गळ्यात लिंग घालणाऱ्या, सुपारीसुद्धा न खाणाऱ्या बसप्पांनी हातभट्टी टाकली, ही बातमी धारूरपर्यंत गेली. दोन माणसं विचारायला आली. त्यांतला एक बाटली घेऊनच आला होता.

पहिला घाणा लिटरभराचा. तेल गाळलं, तापवून त्यातलं पाणी उडवलं, चूल विझवली, डब्याला हात लावता येईल इतकं निवू दिलं. मग अंगणात, विस्तवापासून लांब, स्पिरिटमध्ये राख कालवून तेलात ओतली आणि झाकण लावून तासभर घुसळलं. मामा घुसळत होते, मी मिनिटं मोजत होते. सकाळी डब्यात दोन थर होते. खाली काळपट चिकट, वर पातळ, चहाच्या रंगाचं. वरचं काढून धुतलं, सुकवलं, इंजनात घातलं. इंजन सुरू झालं आणि वाण्याच्या घरचं पाच किलो दळण भज्यांच्या वासात दळून निघालं. मामांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर "आमची शिवांजली" म्हटलं. मी आत जाऊन थोडी रडले, उगीच.

मग जीपचा दिवस ठरला. श्रावणातला सोमवार, कारण त्या दिवशी केजला शेतीचं प्रदर्शन होतं, आणि सकाळी आमच्या घरी अभिषेक. मामांना दोन्ही एकाच दिवशी हवं होतं, देवाच्या साक्षीने. रविवारी वीस लिटरचा घाणा काढायचा होता. पण रविवारी पाहुणे आले, आणि पाहुण्यांसमोर सुनेने अंगणात डबे हलवायचे नाहीत, असं आत्याबाईंनी ठरवलं. मी पुरण वाटत होते. खिडकीतून ओरडून सांगत होते, "मामा, तेल निवू द्या! मामा, राख मापाने घ्या!"

"कळतंय मला," मामा अंगणातून म्हणाले. "एकोणीस लग्नं जुळवलीत."

सोमवारी पहाटे मला तो डबा बघूही दिला नाही. मामा म्हणाले, खाली गाळ बसलाय, वरचं मी काढून घेतलंय, तू सोवळ्यात आहेस, लांब रहा. अभिषेक झाला. आत्याबाईंनी सगळ्यांना विभूती लावली. बायकांना आधी हळद, मग कुंकू, मग विभूती. एवढी पांढरी विभूती आमच्या देवघरात मी पाहिली नव्हती, पण माझं सगळं लक्ष जीपकडे होतं.

जीपमध्ये आम्ही अकरा जण. पुढे मुनव्वरचाचा आणि मामा. मागे बबनराव, पाच पाहुणे, त्यांच्या दोन बायका कोंबून, मी केजला समजावून सांगायला म्हणून, आणि मी जास्त बोलू नये म्हणून आत्याबाई. आता हिशोबात एखादा जास्त झाला असेल, पण मुनव्वरचाचांच्या जीपमध्ये माणसं कधीच नीट मोजून बसलेली नाहीत. चाचांनी टाकीत डबा रिकामा केला, वास घेतला आणि म्हणाले, "बसप्पा, हे लई दाट वाटतंय बे."

"जातीचं इंधन दाटच असतं," मामा म्हणाले.

नळीत उरलेल्या जुन्या डिझेलवर जीप गावाबाहेर झोकात निघाली. धारूरच्या घाटाच्या पायथ्याशी पहिला धक्का बसला. पहिल्या वळणावर पांढऱ्या धुराचा लोट निघाला. आणि नेमकं तेव्हाच बबनरावांनी कपाळ खाजवायला सुरुवात केली. मग एका पाहुण्याने. मग सगळ्यांनीच. माझंही कपाळ चुरचुरत होतं, पण मला वाटलं काळजीनं असेल. दुसऱ्या वळणावर जीप दोनदा खोकली, मागे सरकली आणि थांबली.

सगळे उतरले. मुनव्वरचाचांनी चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, फिल्टर काढून पाहिला. आतून सरळ भज्यांचं तेल गळत होतं, जसं टाकलं तसं.

मामा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. "तुझ्या पुस्तकात असं व्हतं व्हय गं? पाव्हण्यांच्या म्होरं? मुनव्वरच्या पोटावर पाय आला असता आज!"

एका लिटरला चाललेलं वीस लिटरला का चालू नये? घाटात वारा होता, माकडं बसली होती, आणि माझं बी.एड. त्या फिल्टरमधून थेंबथेंब रस्त्यावर गळत होतं. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं की मला खिडकीत उभं करून तुम्हीच केलंत हे सगळं.

"ते ऱ्हाऊ दे बसप्पा," मुनव्वरचाचा म्हणाले. त्यांचं कपाळ तेवढं कोरं होतं. "आधी सांग, तुमी सगळ्यांनी कपाळाला काय लावलंय? तीन-तीन रेघा लाल झाल्यात. मिरची लावली का काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच होतं. बबनरावांच्या कपाळावर तर रेघा अशा उठल्या होत्या की पुसूनही जाणार नाहीत. मी आत्याबाईंकडे पाहिलं. घामाने त्यांची विभूती हळदीत उतरली होती, आणि कुंकवाच्या बाजूची पिवळीधमक हळद लालभडक झाली होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. पाचव्या डब्यातली राख देवघरात गेली होती. आणि तेलात दुसरीच कुठली तरी पडली होती.

"मामा," मी म्हटलं, "राख खोटी नाही. राख बदलली आहे."

"कुणी बदलली?"

आमच्या घरात डब्यांना हात लावणारं माणूस एकच. पण पाच पाहुणे उभे होते, बबनराव उभे होते. नाव घेतलं असतं तर मी जिंकले असते, आणि त्या घरात पुन्हा मान वर करून राहता आलं नसतं. नाव नाही घेतलं तर बी.एड.चा विषय कायमचा संपत होता. मी नुसतं कपाळ खाजवत राहिले. स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता.

तेवढ्यात आत्याबाईंनी पदर सावरला.

"राख म्या बदलली," त्या म्हणाल्या. "इभूती सरली व्हती. एवढे पाव्हणे यायचे. त्या डब्यात बघितलं तर अशी पांढरी, अशी बारीक, म्हटलं ही देवाच्या लायकीची राख हे तेलात कावून घालतेत? मंग ती देवाला घेतली. अन् डब्यात चुलीतली भरली, फडक्यानं गाळून. मला वाटलं, तेलाला काय कळतंय कोणची राख ते."

आत्याबाईंनी मग माझ्याकडे बोट केलं आणि जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, "तिची चूक न्हाई. तिला बोलायचं न्हाई."

मामांच्या भुवया हलल्या. "म्हंजे," ते म्हणाले, "खरी राख आपल्या कपाळावर हाय?"

"हो मामा."

"लई कडक हाय गं!" त्यांनी कपाळावर हात मारला, त्याने आणखी झोंबलं, आणि ते हसायला लागले. असे हसले की दगडावर बसावं लागलं. बबनराव तर आधीपासूनच हसत होते. "बघा बे," मामा पाहुण्यांना सांगत होते, "रसायन खरं हाय! कपाळाला इचारा!"

मी सगळ्यांना बाटलीतल्या पाण्याने कपाळं धुवायला लावली. मुनव्वरचाचांनी दरम्यान फिल्टर साफ केला, टाकी रिकामी केली, आणि सीटखालून एक कॅन काढला. आत पाच लिटर डिझेल होतं.

"हे कधी ठेवलंस?" मामांनी विचारलं.

"ससे आणलेतेस, तवापासून ठेवतो," चाचा म्हणाले.

केजला पोचलो तेव्हा प्रदर्शनाचा मांडव उतरवत होते. मांडववाल्याने आमची कपाळं बघून विचारलं, कुठल्या देवाला जाऊन आलात? पुढच्या रविवारी घाणा मी काढला, पाहुणे असताना, अंगणात, आणि आत्याबाई डब्याजवळ राखण बसल्या. जीप घाट चढून केजला गेली आणि परतही आली. मग दिवाळीपर्यंत चाचा आठवड्यातून एक फेरी आमच्या इंधनावर मारायचे. त्या फेरीतली माणसं वासाने भुकेजून केज स्टँडवर उतरल्या उतरल्या भजी मागायची, आणि बबनराव म्हणायचे, तेल माझं अन् गिऱ्हाईक केजच्या हॉटेलवाल्याचं! रागावून त्यांनी तेल देणं बंद केलं. मामांनी दोन दिवस दुःख केलं, तिसऱ्या दिवशी गांडूळखताचं पुस्तक आणलं.

पण त्यांनी शब्द पाळला. घाट चढल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः अंबाजोगाईला जाऊन माझा फॉर्म आणला आणि पिठाचे हात लागू नयेत म्हणून काखेत धरून घरी आले.

मी निघाले त्या सकाळी जीप दारात उभी होती. देवापुढे वाकले. आत्याबाई विभूतीचा डबा घेऊन आल्या. त्यांचं बोट माझ्या कपाळाकडे आलं तशी मी नकळत मान मागे घेतली. त्यांना ते दिसलं. मला वाटलं, आता जाता जाता ऐकून घ्यावं लागणार.

"भिऊ नको," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं माझ्या कपाळाला लावून बसलेय. काय बी झालं न्हाई."